आठवडी भाजीची पिशवी : आठ महिन्यांचा हिशेब

दर शनिवारी सकाळी आमच्या दारात भाजीने भरलेली एक कापडी पिशवी येते आणि मागच्या शनिवारची रिकामी पिशवी परत जाते. पुरंदर आणि जुन्नर भागातील काही शेतकरी एकत्र येऊन पुण्यात ही सेवा चालवतात. महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे, शुक्रवारी तोडणी आणि शनिवारी घरपोच भाजी, असा त्यांचा शिरस्ता आहे. पिशवीच्या बंदाला अडकवलेल्या चिठ्ठीवर दोन दावे छापलेले असतात : भाजी ताजी असेल, आणि तुमच्या घरात काहीही वाया जाणार नाही. ताजेपणाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण भाजी खरोखरच ताजी असते. दुसरा दावा मात्र तपासून पाहावा असे वाटले, म्हणून आम्ही घरात टाकलेल्या अन्नाचे वजन करून ते वहीत लिहीत गेलो. हे परीक्षण मुख्यतः त्या वहीवर आधारलेले आहे.

सेवेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. २०१६ साली राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला यांची नियमनमुक्ती केल्यानंतर बाजार समितीच्या आवाराबाहेर थेट विक्री करणे सोपे झाले, आणि आज पुणे, मुंबई, नाशिक अशा शहरांत याच धर्तीच्या कितीतरी सेवा चालतात. त्यांचे नियम थोड्याफार फरकाने सारखेच असतात, त्यामुळे खाली ज्या त्रुटी सांगितल्या आहेत त्या एकाच गटाच्या माथी मारणे योग्य होणार नाही. आपण घेत असलेल्या किंवा घेऊ इच्छिणाऱ्या सेवेला वाचकांनी हेच प्रश्न विचारून पाहावेत.

आमच्या घरात चार माणसे आहेत : मी, पत्नी, महाविद्यालयात शिकणारी मुलगी आणि ७८ वर्षांची आई. भाजी आणण्याचे काम निवृत्तीनंतर माझ्याकडे आले, आणि पिशवीभर भाजी आणली म्हणजे काम फत्ते झाले, अशी माझी समजूत होती. जून महिन्यात, म्हणजे ही सेवा सुरू करण्याच्या आधी, ओट्याखाली एक झाकणाचा डबा ठेवला आणि खाण्याजोगे असूनही टाकावे लागलेले अन्न त्यात जमा करून रोज रात्री स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजायला सुरुवात केली. साली, देठ, चहाचा चोथा, कैरीच्या कोयी यांचा त्यात समावेश केला नाही. वहीतले एक पान येथे जसेच्या तसे देतो : ‘मंगळवार. पोळ्या तीन. वरण अर्धी वाटी. काकडी एक, पाणी सुटलेली. कोथिंबीर मूठभर. एकूण ३४० ग्रॅम.’ अशी चार पाने सलग वाचली की स्वयंपाकघराविषयीच्या आपल्या कल्पनांना बराच धक्का बसतो. जूनची आठवड्याची सरासरी १ किलो १०० ग्रॅम निघाली. त्यात निम्म्याहून थोडी अधिक कच्ची भाजी आणि फळे होती आणि उरलेले शिजवलेले अन्न होते.

हा आकडा मोठा की लहान, हे ठरवणे सोपे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले ६० टक्के घराघरांतून गेले. भारतातल्या घरांसाठी त्याच अहवालाचा अंदाज दरडोई वर्षाला ५५ किलोचा आहे. चार माणसांच्या कुटुंबाला तो लावला तर आठवड्याला चार किलोहून अधिक अन्न होते, आणि आमची वही पाहून आपण फारच काटकसरी आहोत असे वाटू लागते. परंतु त्या अंदाजात साली, कोयी, हाडे असे न खाण्याजोगे भागही धरलेले असतात आणि आम्ही ते वगळले होते. त्यामुळे आमच्या १ किलो १०० ग्रॅमची तुलना त्या चार किलोंशी करून पाठ थोपटून घेण्यात अर्थ नव्हता.

जुलैत सेवा सुरू केली तेव्हा दोन पर्याय होते. पहिला ठरावीक पिशवीचा : पाच किलो भाजी, ४५० रुपये, आत काय असेल ते गट ठरवणार. दुसरा निवडीच्या पिशवीचा : किमान तीन किलो भाजी, कोणती भाजी किती ते आपण ठरवणार, आणि सरासरी दर किलोला १०० रुपये. पहिला पर्याय किलोमागे दहा रुपयांनी स्वस्त होता, शिवाय ‘जे शेतात येते ते खावे’ हे तत्त्व मनाला पटणारे होते. म्हणून आम्ही पहिला पर्याय घेतला, आणि जुलै-ऑगस्टच्या दोन महिन्यांत वहीतला आकडा कमी होण्याऐवजी आठवड्याला १ किलो ८५० ग्रॅमपर्यंत चढला.

त्याची कारणे पाहिली तर दोष भाजीचा नव्हता. पावसाळ्यातल्या एका शनिवारी पिशवीतून मेथीच्या दोन जुड्या, शेपूची एक, पालकाची एक आणि राजगिऱ्याची एक, अशा पालेभाज्यांच्या पाच जुड्या एकदम निघाल्या. पावसात भिजलेल्या पालेभाजीला दोन दिवसांहून अधिक आयुष्य नसते, आणि दोन दिवसांत पाच जुड्या पालेभाजी खाणारे घर माझ्या पाहण्यात नाही. त्या दिवशी दुपारी आईने वर्तमानपत्र पसरून मेथी निवडायला घेतली. देठाशी धरून एकेक पान खुडताना, ज्या पानावर बोटाला चिकट लागेल ते ती उजवीकडे टाकत होती. पहिल्या जुडीत उजवीकडचा ढीग बोटभर होता. सोमवारी दुसरी जुडी उघडली तेव्हा मधला सगळा गाभा काळा पडून त्याला पाणी सुटले होते आणि डावीकडे ठेवण्याजोगे फारसे काही उरले नव्हते. “अरे, दोन जुड्या कोणी मागितल्या होत्या?” असे तिने विचारले. मी मागितल्या नव्हत्या, हे उत्तर खरे असले तरी पैसे मीच भरले होते.

त्यानंतर चातुर्मास लागला. आई चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगी खात नाही, आणि ती खात नाही म्हणून घरात वांग्याची भाजी फारशी होत नाही. ठरावीक पिशवीला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तीत तीन आठवडे लागोपाठ अर्धा-अर्धा किलो वांगी आली. पहिल्या आठवड्याची आम्ही भरीत करून संपवली, दुसऱ्या आठवड्याची शेजारी दिली, तिसऱ्या आठवड्याची ओट्याखालच्या डब्यात गेली. श्रावणी सोमवार, एकादशी, संकष्टी या दिवसांत घरातली निम्मी माणसे साबुदाणा, वरी आणि रताळ्यावर असतात; त्या आठवड्यात नेहमीइतकीच भाजी आली तर ती उरणार हे उघड आहे. मराठी घरातल्या आहाराला पंचांगाची एक लय असते. दर आठवड्याला तेवढेच वजन आणून देणारी कोणतीही सेवा त्या लयीच्या बाहेरूनच चालते.

आता पैशांचा हिशेब. त्या दोन महिन्यांत टाकलेल्या कच्च्या भाजीचे वजन आठवड्याला साधारण सव्वा किलो होते आणि ती जवळजवळ सगळी पिशवीतलीच होती. म्हणजे ४५० रुपयांना घेतलेल्या पाच किलोंपैकी पोटात गेली पावणेचार किलो, आणि खाल्लेल्या भाजीचा भाव किलोला १२० रुपये पडला. कागदावर ९० रुपयांची वाटणारी भाजी ताटात १२० रुपयांची होती. याच काळात निवडीची पिशवी घेतली असती तर ती शंभर रुपये भावाने महाग वाटली असती आणि प्रत्यक्षात स्वस्त पडली असती. भाजीवाल्याकडे घासाघीस करून पाच रुपये वाचवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे गणित कळायला दोन महिने लागले, याची कबुली दिलेली बरी.

सप्टेंबरपासून आम्ही निवडीची पिशवी घेतो, आणि या सेवेबद्दल चांगले लिहिण्याजोगे जे आहे ते येथून पुढे सुरू होते. बुधवारी रात्री त्या आठवड्यात उपलब्ध असणाऱ्या भाज्यांची यादी व्हॉट्सॲपवर येते. शुक्रवारी सकाळी नऊपर्यंत मागणी नोंदवता येते, आणि मुख्य म्हणजे तोवर ती बदलताही येते. प्रत्येक भाजी पाव किलोच्या टप्प्याने घेता येते. लाल भोपळा आणि सुरण कापून देतात, त्यामुळे सुरणाचा अख्खा गड्डा अंगावर येत नाही. यादी बुधवारी येते आणि मागणी शुक्रवारी बंद होते, या मधल्या दीड दिवसात घराला विचार करायला वेळ मिळतो : मुलीची सहल आहे का, कोणाचा उपवास आहे का, रविवारी कोणाकडे जेवायला जायचे आहे का. ताज्या भाजीपेक्षा, कापडी पिशवीपेक्षा आणि ‘थेट शेतातून’ या घोषणेपेक्षाही या दीड दिवसाची किंमत मला अधिक वाटते. मागणी दोन दिवस आधी बंद करणाऱ्या किंवा एकदा दिलेली मागणी बदलू न देणाऱ्या सेवा मी पाहिल्या आहेत. त्यांच्या भाजीचा दर्जा कितीही चांगला असला तरी त्या घ्याव्यात असे मी सुचवणार नाही.

यासोबत घरातही एक सवय बदलावी लागली. गुरुवारी रात्री जेवणानंतर फ्रिजचा खालचा खण पूर्ण बाहेर काढून ओट्यावर ठेवायचा आणि त्यात काय उरले आहे ते पाहूनच यादीवर खुणा करायच्या, असा नियम पत्नीने केला. नुसता फ्रिज उघडून डोकावले तर पुढची काकडी दिसते आणि मागचा अर्धा कोबी दिसत नाही, हे तिचे निरीक्षण वहीनेही खरे ठरवले. सुरुवातीला आम्ही सात दिवसांच्या जेवणाचा तक्ता करून फ्रिजच्या दारावर चिकटवला होता. तो दुसऱ्या आठवड्यातच निकालात निघाला, कारण मंगळवारी तक्त्यात गवार होती आणि घरात कोणालाच गवार खायची इच्छा नव्हती. त्याऐवजी आता भाजीच्या आयुष्याचा क्रम पाळतो. शनिवार-रविवारी पालेभाजी, सोमवार-मंगळवारी भेंडी, गवार, दोडका, त्यानंतर फ्लॉवर, दुधी, कोबी, आणि शुक्रवारी खणात जे असेल त्याची मिसळीची भाजी, पावभाजी किंवा थालीपीठ. कोणत्या दिवशी नेमके काय करायचे हे ठरलेले नसते, पण काय आधी संपवायचे हे ठरलेले असते, आणि स्वयंपाक करणाऱ्याला तेवढे स्वातंत्र्य पुरते.

सप्टेंबर ते फेब्रुवारी या सहा महिन्यांत टाकलेल्या अन्नाची सरासरी आठवड्याला ६०० ग्रॅमवर आली, आणि त्यात कच्ची भाजी केवळ २०० ग्रॅम होती. गणपती आणि दिवाळीचे आठवडे धरून ही सरासरी आहे. ते वगळले तर आकडा आणखी खाली येईल, पण सण हे घरातलेच दिवस असल्यामुळे ते वगळणे मला प्रामाणिक वाटले नाही. गणपतीच्या दुसऱ्या दिवशीच्या ऋषिपंचमीला खणातले सगळे काही ऋषीच्या भाजीत संपवून टाकावे, अशी माझी कल्पना होती. बैलाच्या कष्टाचे त्या दिवशी खायचे नसते, तेव्हा शेतातून आलेली भाजी त्यात चालणार नाही, असे सांगून आईने ती मोडीत काढली आणि परसातल्या अळूवर व विकत आणलेल्या रानभाज्यांवर वेळ निभावली. पिशवीतली भाजी त्या दिवशी तशीच राहिली.

पिशवीसोबत येणाऱ्या चिठ्ठीवर साठवणुकीच्या सूचनाही असतात, आणि त्या सुधारण्याची गरज आहे. ‘भाजी आल्याबरोबर धुऊन फ्रिजमध्ये ठेवावी’ असे त्यात म्हटले आहे. या एका वाक्यात दोन चुका आहेत. धुतलेली पालेभाजी पूर्ण कोरडी न करता ठेवली तर ती सडण्याचा वेग वाढतो, भेंडीचेही तेच. आम्ही पालेभाजीची मुळे कापून, खराब पाने काढून, न धुता जुन्या सुती कापडात गुंडाळून ठेवतो आणि वापरण्याआधी धुतो. मेथी अशी चार दिवस सहज टिकते. दुसरी चूक सरसकट ‘फ्रिजमध्ये’ या शब्दात आहे. टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवला की टिकतो खरा, पण बारा-तेरा अंशांखालच्या थंडीत त्याचा वास मरतो, आणि पिकायचा राहिलेला टोमॅटो नीट पिकत नाही. बटाट्यातल्या पिष्टाची थंडीत साखर होऊ लागते आणि तो तळला की काळपट होतो. बटाटे आणि कांदे बाहेरच, पण एकमेकांपासून लांब ठेवावेत, कारण शेजारी ठेवले की दोन्ही लवकर खराब होतात. पिकत आलेली केळी, पपई, चिकू, टोमॅटो यांतून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो आणि त्याच्या सहवासात काकडी पिवळी पडते, पालेभाजी मऊ होते. आमच्या जूनच्या वहीत काकडी इतक्या वेळा का आली होती, याचे उत्तर टेबलावरच्या एकाच टोपलीत केळी आणि काकड्या सुखाने नांदत होत्या, या गोष्टीत होते. गटातल्या शेतकऱ्यांना हे सगळे माझ्याहून चांगले ठाऊक असणार. चिठ्ठी लिहिणाऱ्याने त्यांना विचारलेले दिसत नाही.

सेवेविषयीच्या आमच्या तक्रारी तीन आहेत. ऑक्टोबरच्या उन्हात एका शनिवारी पिशवी सकाळी आठऐवजी दुपारी दोनला आली. पालक प्लास्टिकच्या बंद पुडक्यात होता, पुडक्याच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळत होते आणि आतली पाने उकडल्यासारखी झाली होती. कापडी पिशवीचा गाजावाजा करणाऱ्यांनी आत पालक प्लास्टिकमध्ये का कोंबावा, हे मला समजलेले नाही. फोन केल्यावर त्यांनी कसलीही खळखळ न करता चूक मान्य केली, ही जमेची बाजू आहे. परंतु भरपाई म्हणून पैसे परत न देता पुढच्या पिशवीत एक किलो भाजी जास्त पाठवली. ही माझी दुसरी तक्रार. वाया गेलेल्या भाजीची भरपाई न मागितलेल्या भाजीने करणे म्हणजे वाया जाण्याची पुन्हा सोय करणे आहे. तिसरी तक्रार फुकटच्या कोथिंबिरीची. मागणी असो वा नसो, प्रत्येक पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी ‘आमच्यातर्फे’ येते, आणि चार माणसांच्या घरात आठवड्याला एक जुडी संपवायची तर कोथिंबीर वड्यांचा कारखाना काढावा लागेल. ‘कोथिंबीर नको’ असे मी तीन वेळा कळवले आहे. तरी ती येतेच, कारण फुकट मिळालेले कोणी नाकारेल ही कल्पनाच त्यांना सुचत नसावी.

दूध, पनीर, ब्रेड अशा वस्तूही यादीत असतात, त्यांच्याबाबत एवढेच सांगतो की त्यांवरच्या तारखा नीट वाचाव्यात. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ ही तारीख उलटली की ती वस्तू खाऊ नये. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख मात्र चवीची आणि दर्जाची हमी कुठवर आहे ते सांगते, आणि ती उलटली म्हणून बंद पाकिटातली बिस्किटे लगेच कचऱ्यात टाकण्याचे कारण नसते.

वहीने दाखवलेली सर्वांत अडचणीची गोष्ट पिशवीच्या आवाक्याबाहेरची आहे. सहाशेपैकी चारशे ग्रॅम शिजवलेले अन्न आहे : भात, पोळ्या, वरण आणि क्वचित डब्यातून परत आलेली भाजी. जूनपासून हा आकडा फारसा हललेला नाही, आणि जगातली कितीही ताजी भाजी तो हलवू शकणार नाही, कारण तो भाजी आणण्याशी नव्हे तर अंदाजाशी निगडित आहे. वाटीभर तांदळाचा तीन वाट्यांच्या आसपास भात होतो, हे ठाऊक असूनही ‘कमी पडायला नको’ म्हणून हात अर्धी वाटी जास्त घेतोच. रात्री घरी कोण जेवणार हे सकाळी विचारायचे आणि पोळ्या मोजूनच करायच्या, एवढ्याने पोळ्यांचा प्रश्न बराच सुटला. भाताचा सुटलेला नाही. पाहुण्याला दुसऱ्यांदा वाढताना भात संपला असे सांगावे लागणे ही आमच्या घरात अजूनही नामुष्की मानली जाते.

उरलेल्या अन्नाचे काय करायचे हे मराठी घराला शिकवावे लागत नाही. फोडणीचा भात, फोडणीची पोळी, उरलेली पोळी कुस्करून तूप-गुळाचा लाडू, वरणात पीठ मळून केलेले पराठे, दोडक्याच्या शिरांची चटणी, नवलकोलाच्या पानांची भाजी, हे सर्व आई डोळे मिटून करते. श्रावणात शिळासप्तमीला आदल्या दिवशीचे मुद्दाम खाण्याची रीत तर आहेच. मात्र भाताच्या बाबतीत मी आईशी वाद घातला आणि तो जिंकला, असे क्वचितच घडते म्हणून येथे नोंदवतो. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी देणे धोक्याचे आहे. तांदळात असणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात, उबेत वाढतात, आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात काढून लवकर गार करायचा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवायचा. तसे केले तर सकाळचा फोडणीचा भात निर्धास्तपणे खाता येतो, आणि गार भाताची शिते मोकळी राहत असल्यामुळे तो अधिक चांगलाही होतो.

तुलनेसाठी इतर मार्गांबद्दलही लिहायला हवे. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवर आम्ही नोव्हेंबरचे दोन आठवडे काढले. आज लागते तेवढे आजच मागवता येते, हा त्याचा मोठा गुण आहे, आणि त्या हिशेबाने वाया जाणे अगदी कमी व्हायला हवे. प्रत्यक्षात पोहोचवण्याचा आकार वाचवण्यासाठी शंभर-दीडशे रुपयांचे आणखी काहीतरी घ्यावे लागते, आणि ते काहीतरी म्हणजे नको असलेली मशरूमची डबी किंवा दोन घेतल्यास स्वस्त पडणारे ब्रेडचे पुडे असतात. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून एकदम दहा किलो टोमॅटो आणण्याचा माझा जुना शौक हा त्याच रोगाचा दुसरा प्रकार होता, हे मान्य करतो.

खरी स्पर्धा आहे ती आमच्या कोपऱ्यावर गाडी लावणाऱ्या भाजीवाल्या मावशींशी. त्या पाव किलो तोंडली देतात, अर्धा कोबी कापून देतात, दहा रुपयांत चार मिरच्या, आल्याचा तुकडा आणि चार काड्या कोथिंबीर देतात, आणि काल काय नेले होते हे त्यांच्या लक्षात असते. गेल्या महिन्यात मी फ्लॉवर हातात घेतला तेव्हा त्या म्हणाल्या, “दादा, परवाच नेलाय की तुम्ही. संपला का?” तो संपलेला नव्हता. असा प्रश्न विचारणारे ॲप अजून निघालेले नाही. मावशींकडे दोन गोष्टी मिळत नाहीत : भाजी कोणी आणि कशी पिकवली हे कळत नाही, आणि पावसाळ्यात त्या चार-चार दिवस येत नाहीत. म्हणून आता दुधी, कोबी, फ्लॉवर, भोपळा, शेंगा असे चार-पाच दिवस टिकणारे पिशवीतून घेतो, आणि पालेभाजी, मिरची-कोथिंबीर, लिंबे अशी रोजची किरकोळ खरेदी मावशींकडे करतो. अशा वाटणीत पिशवी साडेतीन किलोंची होते. ३५० रुपये पडतात, दोनशे ग्रॅम टाकले तरी खाल्लेल्या भाजीचा भाव १०६ रुपये किलो येतो, म्हणजे जुलैतल्या ‘स्वस्त’ पिशवीपेक्षा चौदा रुपयांनी कमी.

या जागी आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांचा आक्षेप नोंदवतो. आवारात खतनिर्मितीचा खड्डा आहे, ओला कचरा वेगळा होतो, त्याचे खत बागेला जाते, मग एवढी वजने कशाला करायची, असे त्यांचे म्हणणे होते. खड्डा चांगलाच आहे, आणि साली-देठांची सोय त्याच्यावाचून होणार नाही. पण पुरंदरमधल्या विहिरीचे पाणी, शेतकऱ्याची मेहनत, शनिवारच्या टेम्पोचे डिझेल आणि माझे शंभर रुपये घालून पिकवलेल्या मेथीचे शेवटी जास्वंदीला खत घालायचे असेल, तर ते जगातल्या सर्वांत महाग खतांपैकी एक ठरेल. खड्डा झाल्यापासून शिळे टाकताना मनाला पूर्वीइतकी टोचणी लागत नाही, हे मी स्वतःबद्दलही पाहिले आहे.

ही सेवा कोणी घ्यावी? ज्या घरात तीन किंवा अधिक माणसे रोज घरी जेवतात, कोणी तरी एक माणूस गुरुवारी रात्री दहा मिनिटे काढू शकते, आणि शनिवार-रविवारी भाजी निवडायला घरात वेळ असतो, त्या घराने निवडीची पिशवी जरूर घ्यावी. ठरावीक पिशवी कोणीच घेऊ नये. फार तर सहा-सात माणसांच्या, सगळे काही खाणाऱ्या एकत्र कुटुंबाने घ्यावी. एकट्या-दुकट्याला तीन किलोंची किमान अट जाचक आहे. आमच्या इमारतीतल्या दोन विद्यार्थिनी आणि एक वृद्ध दांपत्य मिळून एक पिशवी घेतात आणि जिन्यात बसून तिची वाटणी करतात. गटाने दीड किलोची पिशवी सुरू केली तर त्यांना तसे करावे लागणार नाही.

आम्ही मार्चअखेरपर्यंतचे पैसे भरले आहेत. एप्रिल-मेबद्दल निर्णय घेतलेला नाही. उन्हाळ्यात पिशवी सकाळी नऊच्या आत मिळेल आणि पालेभाजी प्लास्टिकमध्ये येणार नाही, या दोन गोष्टींचे लेखी उत्तर मी मागितले आहे. ते उत्तर येईपर्यंत, गेल्या शनिवारी आलेली फुकटची कोथिंबीर निवडायला घ्यायची आहे.